उस्तादांचा डावा सोल

बूट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली उस्ताद म्हणायची, आणि हे नाव त्यांना स्वतःला मनापासून पटलेलं होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. आत बसून पाय लांब करायचे तर दार उघडं ठेवावं लागे. पण रुबाब असा, की जणू कारखानाच चालवतात. "सोल चिकटवला की दोन दिवस वजनाखाली ठेवायचा. उद्या हवा असेल तर दुसरीकडे जा," असं ते घाईतल्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत. गिऱ्हाईक मुकाट्याने दोन दिवसांनी येई.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून बायकोने त्यांना काचेच्या भांड्यासारखं सांभाळायला घेतलं. पाण्याची बादली ती उचलणार, चामड्याचं भेंडोळं ती आणणार, बाजाराच्या पिशवीला तर त्यांचा हातही लागू द्यायची नाही. रस्त्याने ती ओझ्याने वाकलेली आणि मागून हे हात हलवत चाललेले. लोक काय म्हणत असतील या विचाराने उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं होई. डॉक्टरांनी खुशाल धावा म्हणून सांगितलं होतं. बायको म्हणाली, "त्यांचं काय जातंय सांगायला!"

मग उस्ताद इरेला पेटले. रोज पहाटे धावायचा सराव केला आणि मॅरेथॉनमध्ये नाव घातलं. पूर्ण धावून दाखवलं की हिच्या मनातली भीती जाईल, एवढंच त्यांना हवं होतं.

"मी पुलाच्या टोकाशी उभी राहते," बायको शेवटी म्हणाली. "तिथे तुम्ही मला वेळेवर दिसला पाहिजेत. नाही दिसलात तर माझं काय होईल, ते तुमचं तुम्ही बघा."

शर्यत जवळ आली तशी अर्धी वस्ती आपापले बूट घेऊन दुकानात. उस्तादांनी सगळ्यांचे केले आणि स्वतःचे राहिले. आदल्या संध्याकाळी आठवण झाली. झिजलेल्या सोलवर उस्ताद धावले तर धंद्याची अब्रू काय राहणार? त्यांनी नवे सोल चिकटवले, हातोडीने ठोकले आणि "मी लावलेत म्हणजे बसतील" म्हणत स्वतःला सूट देऊन टाकली.

सुरुवात झकास झाली. दम नीट होता, छाती गुमान आपलं काम करत होती. पुलाच्या अलीकडचा लांब सरळ रस्ता लागला आणि डाव्या पायाखाली फटक-फटक सुरू झालं. खाली बघेपर्यंत सोल दुमडला, पाय अडकला आणि उस्ताद रस्त्यावर आडवे. गुडघा सोलवटला. त्यांनी लेस काढून सोल बांधून पाहिला, पुन्हा बांधून पाहिला, पण तो काही ऐकेना. तेवढ्यात एक गिऱ्हाईक शेजारून धावत गेलं आणि ओरडलं, "उस्ताद, काय झकास बसलाय सोल!"

उस्तादांनी हसून हात केला आणि मनात स्वतःला दोन शेलक्या शिव्या हासडल्या.

मग एकदम त्यांनी पुलाच्या दिशेने पाहिलं. बायको पुलावर उभी असेल आणि वेळ तर केव्हाच टळून गेली होती. गेली शर्यत खड्ड्यात! त्यांनी दोन्ही बूट काढून हातात घेतले आणि नुसत्या मोज्यांवर पळत सुटले. खडी टोचत होती, गुडघा ठणकत होता, पण थांबायची सोय नव्हती.

पूल यायच्या आधी तीच दिसली. धावणाऱ्यांच्या गर्दीत उलटी घुसून, पाण्याची आणि सुक्या कपड्यांची पिशवी छातीशी धरून, ती पळत येत होती. जन्मात कधी बससाठीही न धावलेली बाई. चेहरा पांढराफटक पडलेला.

"काय झालं? छाती?"

"सोल!" उस्तादांनी बूट वर धरला. "सुटला मेला."

"दुखतंय कुठे?"

"गुडघा. आणि लाज वाटतेय."

तिने त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"किती वाळवला होतात?"

"रात्रभर."

"आणि लोकांना दोन दिवस?"

उस्ताद हातातला दुसरा बूट न्याहाळू लागले. तिला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, मग पुन्हा हसू. ती फुटपाथच्या कडेला मटकन बसली. धाप तिलाच लागली होती, त्यांचा श्वास केव्हाच जागेवर आला होता. हे तिच्याही लक्षात आलं, आणि ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"पडल्यावरही धावत आलात?"

"हो. तू घाबरशील म्हणून."

"घाबरले तर होतेच," ती म्हणाली. "पण आता कसं मोकळं मोकळं वाटतंय."

"पुढच्या वर्षी पुरी धावतो बघ."

"आधी सोल वाळवा."

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. पिशवी घ्यायला उस्तादांचा हात पुढे झाला आणि सवयीने मागे गेला.

"घ्या की," ती म्हणाली. "माझ्या हाताला रग लागलीय."

पिशवी चांगली जड होती. उस्तादांनी ती खांद्याला अडकवली, दोन्ही बूट हातात घेतले आणि घराचा रस्ता धरला. ती पुढे चालली होती, दोन्ही हात हलवत.