मट्टनचेरीच्या अंगणातली हजेरी

या पानावर वाचक पाठवतात ते भुताखेतांचे अनुभव मी बऱ्याच वर्षांपासून वाचत आलो आहे. वाचताना मनातल्या मनात शंका काढायच्या ही माझी सवय — वारा असेल, ताप असेल, सांगणाऱ्याची झोप अर्धवट झाली असेल. मी यवतमाळच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. निवृत्त होईपर्यंत भुताखेतांची पुस्तकं मीच कपाटात लावायचो, आणि कथा-कादंबऱ्यांच्या रांगेत लावायचो. त्यांची जागा तीच, असं माझं मत होतं. आजही बहुधा तेच आहे. पण मला जे सांगायचं आहे ते कुठल्या रांगेत लावावं हे मला कळत नाही… म्हणून जसं झालं तसं, सावकाश लिहितो.

माझी बायको सुनंदा घाटंजी तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवायची. माहेर राळेगावकडचं. सगळा जन्म कापसाच्या शेतांच्या शेजारी गेला, समुद्र कधी पाहिला नाही. पण जुन्या बंदरांचा धडा तिच्याइतका रंगवून कुणी शिकवत नसे. भडोच, सोपारा, मुझिरिस… नकाशावर पट्टी टेकवून ती मुलांना विचारायची, "आपला कापूस शकुंतला गाडीत बसून मुर्तिजापूरले गेला, तिथून मुंबईले, तिथून बोटीत. म्हंजे कापूस समुद्र पाहून आला. आन् आपन?"

मुलं एका आवाजात ओरडायची, "आपन राह्यलो, बाई!"

निवृत्तीनंतर तिनं आणि शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी मिळून बेत केला. पुण्याच्या एका कंपनीची अभ्यास-सहल होती — मुंबईहून मोठ्या बोटीनं निघायचं आणि कोची, मंगळूर, गोवा अशी जुनी बंदरं पाहत परत यायचं. बोटीवर एक प्राध्यापक रोज व्याख्यान देणार, किनाऱ्यावर उतरलं की स्थानिक गाइड. सुनंदानं तिची आणि माझी जागा पक्की केली. बोट लागू नये म्हणून झोपाळ्यावर बसून पुस्तक वाचायचा सराव सुरू केला. मी हसायचो. त्या उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं… नुसती कावीळ नव्हती. शेतांतलं सोयाबीन निघायच्या आधी ती गेली.

मी सहलीला जाणार नव्हतो. राठोड मॅडम घरी आल्या. त्यांचा आणि सुनंदाचा वर्ग वर्षानुवर्षं भिंतीला भिंत लागून होता.

"भाऊजी, तुमी नाही आले तर सुनंदा मलेच बोलन."

"ती आता कुणालाच बोलणार नाही, मॅडम."

"तुमाले काय माहीत? तिचं तोंड आजवर कोनी बंद केलं का?"

बोलून गेल्यावर त्यांनाच रडू आलं. मी गेलो, ते त्या रडण्यामुळे.

आता हजेरीबद्दल सांगायला हवं. गटाचे प्रमुख होते राऊत सर, सुनंदाच्या शाळेचे माजी मुख्याध्यापक. कंपनीनं सगळ्यांना गळ्यात घालायच्या पट्ट्या दिल्या होत्या, पण सरांचा त्यांवर विश्वास नव्हता. जिथं उतरू तिथं सर हजेरी घेत. समोर कागद नाही. शाळेत वर्षानुवर्षं म्हटलेली शिक्षकांची नावं, सेवाज्येष्ठतेच्या त्याच क्रमानं, तोंडपाठ. धामणगाव स्टेशनवर पहिली हजेरी झाली तेव्हा साठी उलटलेली ही सगळी माणसं पोरांसारखी वागत होती. कुणी "येस सर" म्हणे, कुणी "पोट दुखून राह्यलं सर, सुट्टी पाहिजे." राठोड मॅडमच्या नावानंतर सुनंदाचं, म्हणजे गावंडे बाईंचं, नाव यायचं. तिथं सर श्वास घ्यावा एवढं थांबले आणि पुढच्या नावावर गेले. शेवटी माझ्याकडे पाहून म्हणाले, "आन् शाळेचे जावई?"

"आहे," मी म्हणालो.

मुंबईला, बोटीवर, सगळीकडे असंच. राठोड मॅडमचं नाव, ती छोटी फट, मग पुढचं नाव. हळूहळू मी त्या फटीची वाट पाहू लागलो. इतरांना ती कळतही नसेल, पण अख्ख्या दिवसात सुनंदाची म्हणून एवढी एकच जागा उरली होती.

समुद्राबद्दल काही लिहावं असं वाटत नाही. तो होता. मी त्याच्याकडे पाहत असे, आणि पाहणारा चुकीचा माणूस आला आहे असं वाटत असे.

कोचीला उतरल्यावर बसनं मट्टनचेरीला नेलं. मसाल्याच्या जुन्या वखारी तिथं आहेत. त्यातल्या एका वखारीच्या अंगणात सुंठ वाळत घातली होती. चारी बाजूंनी चुन्यानं माखलेल्या भिंती, वर भर दुपारचं ऊन. कामगार जेवायला गेले होते. आम्ही भिंतीच्या सावलीत उभे राहिलो. गाइडनं सांगितलं की मुझिरिस इथून फार लांब नाही, पण तिथं जायला वेळ नाही. राठोड मॅडम पुटपुटल्या, "सुनंदा असती तर भांडली असती."

निघण्याआधी सरांनी हजेरी सुरू केली. उन्हानं ते दमले होते, रुमालानं मान पुसत, डोळे मिटून नावं घेत होते. राठोड मॅडम "हजर" म्हणाल्या. आणि सर थांबले नाहीत. जुनी लय होती, ती त्यांना घेऊन गेली —

"गावंडे बाई."

"आहे जी, आहे. चाला पुढं."

सर पुढचं नाव घेऊन मोकळे झाले होते. ज्यांचं नाव घेतलं ते काही बोललेच नाहीत. सरांनी डोळे उघडले. अंगणात कुणी हललं नाही.

शाळेच्या प्रत्येक सहलीत सुनंदा असंच उत्तर द्यायची. मोठ्या माणसांची कसली हजेरी घेता, असा थोडा वैताग त्यात असायचा, आणि शेवटच्या शब्दावर आवाज किंचित वर जायचा. तो तसाच वर गेला होता. आजारपणातला खोल गेलेला आवाज नव्हता तो. वर्गातला होता.

मला तो मागून ऐकू आला, आणि माझ्या मागे भिंत होती. राठोड मॅडमना तो त्यांच्या शेजारून आला. सर म्हणतात, समोरून. गाइडला मराठी येत नव्हतं. आम्हाला काय झालं हे त्याला कळेना, त्यानं सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या दिल्या.

बसमध्ये शोध सुरू झाला. आमच्यात नकला करणारे एक सर होते, सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे गेल्या. ते बिचारे हात जोडून म्हणाले, "नातवाची शपथ घेतो जी. बाईची नक्कल मी कायले करीन? मीच तर त्यांच्या मयतीत पुढं होतो." त्यांचा चेहरा पाहून मीच म्हणालो, पुरे. एका बाईंनी मोबाईलवर हजेरी टिपली होती. ती आम्ही बसमध्येच लावली. सरांचा आवाज येतो, "गावंडे बाई." मग उत्तर द्यायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढी शांतता आहे. मग पुढचं नाव. मधे काही नाही. पण उत्तर मिळालं नसतं तर सर पुढं गेलेच नसते, हे त्या बसमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मंगळूरला सरांनी सगळी नावं एका दमात उरकली. ती छोटी फटसुद्धा ठेवली नाही. मला ते सहन झालं नाही. संध्याकाळच्या व्याख्यानाला सगळे गेल्यावर मी त्यांना डेकवर गाठलं.

"सर, तिचं नाव पुन्हा घ्या. एकदाच."

"गावंडे साहेब, तोंडातून निघून गेलं जी. चुकून गेलं. जानूनबुजून कसं घेऊ? गेलेल्या मानसाले आवाज देनं बरं नाही."

"तुम्ही विज्ञान शिकवलंत सर."

"शिकवलं ना. म्हनूनच भेव वाटून राह्यलं." मग ते म्हणाले, "आन् नाही बोलल्या तर? मंग तुमी काय करसान?"

मी म्हणालो, निदान कळेल तरी. मला खरंच तसं वाटत होतं. एक आवाज ऐकला होता. आता तो होता की नव्हता एवढंच हवं होतं. ती परत येईल असलं वेड माझ्या डोक्यात नव्हतं. ज्या जगात मी एकटा उरलो होतो त्यात ती कुठंतरी आहे, एवढं कळलं असतं तर उरलेले दिवस काढता आले असते.

सर गोव्यातही टाळत राहिले. शेवटी राठोड मॅडमनी त्यांना झापलं, "घ्या ना सर! आमचं अजून एकदा ऐकायचं राहून गेलं तर जन्मभर झोप नाही येनार."

मुंबईला उतरल्यावर बंदराबाहेरच्या शेडमध्ये सामान ठेवून आम्ही उभे राहिलो. सकाळ होती, हमालांची गडबड चालली होती. या वेळी कुणी पोटदुखीची थट्टा केली नाही. सरांनी डोळे उघडे ठेवून नावं घेतली. राठोड मॅडम "हजर" म्हणाल्या.

"गावंडे बाई."

काही नाही.

सरांनी पुन्हा नाव घेतलं, या वेळी जरा हळू. "गावंडे बाई…"

मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. का ते मला लगेच कळलं नाही. आमच्याकडं वर्गात एखादं पोर आलं नसलं, की सर नाव घेऊन थांबतात. शेजारी बसणारं पोर उठून सांगतं, नाही आला जी. त्याशिवाय हजेरी पुढं सरकत नाही. ती सगळी शिक्षक माणसं होती, त्यांच्या अंगात ती रीत मुरलेली होती. त्यांनी मला सांगितलं नाही, खुणावलं नाही. फक्त थांबली. सरही थांबले. त्यांच्याच्यानं पुढचं नाव घेववत नव्हतं.

ती शांतता मला सोसेना. मी म्हणालो, "नाही आली, सर."

सरांनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं.

परतीच्या गाडीत रात्र गेली. सकाळी बडनेरा सोडल्यावर चहा आला तेव्हा राठोड मॅडम माझ्यासमोर येऊन बसल्या.

"भाऊजी, एक विचारू का? राग नका मानू."

"विचारा."

"तुमी 'नाही आली' म्हनलं ना… त्याच्या जरासं आधी तुमाले काही ऐकू नाही आलं?"

"काय?"

"वर्गात बोलायच्या आधी सुनंदा घसा साफ करे. हळूच. मले भिंतीपलीकडून ऐकू ये." त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. "तसं कोनी केलं. आता बोलन, आता बोलन, असं मले वाटत होतं… तेवढ्यात तुमी बोलले. तुमी जरा घाई केली जी."

धामणगाव आलं, आम्ही उतरलो. तिथं सरांनी हजेरी घेतली नाही.

मट्टनचेरीच्या अंगणात काय झालं, याचं स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. दमलेल्या, दुःखी माणसांना एकाच वेळी एकच भास होऊ शकतो असं मी नंतर वाचलं. असेल. पण मी त्या अंगणाचा फारसा विचार करत नाही. मी मुंबईच्या त्या शेडचा करतो. सर थांबायला तयार होते. मॅडम तयार होत्या. सामान डोक्यावर घेतलेला एक हमालसुद्धा, आमची माणसं वाटेत उभी होती म्हणून, काही न बोलता थांबला होता. त्या सगळ्यांत घाई झाली ती एकट्या मला… आणि ऐकायचं होतं तेही सगळ्यांत जास्त मलाच.