नावानं लागत नाही

ऑफिसातला प्रिंटर रुसला की तो दुरुस्तीवाला कॅम्प-१ या वस्तीतून सायकलनं यायचा. चपला दाराबाहेर काढायचा, कॉम्प्युटरवर आधी प्रिंटरचा आयपी नंबर टाकून पाहायचा, मग त्याचं नाव. नंबरानं लागायचा, नावानं नाही.

"मशीन जिती हाय, मॅडम," तो हळूच म्हणायचा. "नेटवर्क तिचं नाव विसरून गेलं."

मग राउटरमधल्या यादीत ते नाव पुन्हा लिहायचा आणि एकदा मोठ्यानं वाचायचा. घाई केलेली त्याला खपत नसे.

यंदा त्याचा फोन बंद लागू लागला. चार दिवस वाट पाहून मी कॅम्पात गेले. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे त्याची चौकशी केली, तर त्यानं विचारलं, "नाव का हाय त्याचं?"

इतकी वर्षं तो येत होता. माझ्याकडे फक्त नंबर होता.