मी पाठवलेला फोटो

बायकोनं घरामागं गावरान कोंबड्या पाळल्या होत्या, वीस-बावीस. आमचं घर धामणगाव रेल्वेला जाणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या टोकाला. मागं नाला आणि त्याच्या काठानं कमरेएवढं वाळलेलं गवत. मी अमरावतीला राजापेठेत एका शिकवणी वर्गात गणित शिकवतो. सकाळी जातो तो संध्याकाळीच येतो. उन्हाळ्याच्या तोंडाला कोंबड्या कमी व्हायला लागल्या. कधी पिसं सापडायची, कधी तीही नाहीत.

"कोण नेऊन राहिलं थे तरी समजू द्या मले," बायको म्हणाली. "मंग काय करायचं थे पाहू."

माझा एक शाळेतला मित्र सेमाडोहकडं वनरक्षक आहे. समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा, जंगलात झाडाला बांधतात तसला कॅमेरा मी त्याच्या सांगण्यावरून मागवला. त्यानं फोनवरच शिकवलं. गुडघ्याच्या उंचीवर बांध, सूर्याकडं तोंड नको, समोरचं गवत काप. "अन् खुराड्याच्या फळीवर वीत-वीत अंतरानं खुणा करजो. नाहीतर जनावर केवढं हाय थे फोटोत समजत नाही."

कॅमेरा बांधला. खुणा करायच्या राहिल्या.

पहिले काही दिवस मुंगूस आलं, दोन भटकी कुत्री आली, बायकोचा पदर आला. सकाळी आम्ही दोघं शेजारी बसून फोटो बघायचो. असं एकत्र बसून एकाच गोष्टीकडं बघणं आमच्यात फार वर्षांनी होत होतं.

मग एके दिवशी ते दिसलं. पहाटेचा काळा-पांढरा फोटो. कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी आलेलं लांब पायांचं जनावर, डोळे पांढरेफक्क. मी निघायच्या घाईत होतो. फोटो मित्राला पाठवला आणि गावाच्या ग्रुपवरही टाकला. खाली लिहिलं, "बिबट वाटते." खरं सांगायचं तर तेव्हा मला भीती वाटली नव्हती. मजा वाटली होती.

वर्गात फोन बंद असतो. दुपारी उघडला तर मित्राचा निरोप होता: "रानमांजर हाय. जवळ आलं म्हणून मोठं दिसून राहिलं. पाह्य, शेपूट किती आखूड हाय. या दिवसात त्याले पिल्लं असतात. कोणाले काही करू देऊ नको."

मी लगेच ग्रुपवर लिहिलं, बिबट नाही, रानमांजर आहे. कुणीतरी उत्तर दिलं, "सर, सकाळी तुमीच बिबट म्हणलं." मी घरी फोन लावला.

"लोकायनं गवत पेटवलं," बायको म्हणाली. "डबे वाजवून राहिले. मी हात जोडले, पण कोणी ऐकलं नाही."

मी पोचलो तेव्हा नाल्याचा काठ काळा झाला होता. बायको एका जळलेल्या बोरीजवळ बसली होती. तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरून त्यावर तीन मेलेली पिल्लं ठेवली होती, मुठीएवढी. तिच्या हातांना काजळी लागली होती.

"मले फक्त कोण हाय थे पाहायचं होतं," ती म्हणाली. माझ्याकडं बघितलं नाही.

शेजारचा एक जण आला. "लहान लेकरं हायेत घरात, सर. बिबट म्हणल्यावर आमी काय करावं?" तो चुकला नव्हता.

त्यानंतर चार पहाटा रानमांजर कॅमेऱ्यात आलं. कुंपणापर्यंत यायचं आणि नाल्याकडं परत जायचं. एका फोटोत त्याच्या तोंडात उंदीर होता. कुणासाठी नेत होतं ते मला कळलं, आणि पुढचे फोटो मी उघडले नाहीत. पाचव्या दिवसापासून ते आलंच नाही.

कोंबड्या मात्र जातच राहिल्या. मग एका रविवारी मी पहिल्यापासूनचे सगळे फोटो पुन्हा पाहिले. रानमांजरानं आमची कोंबडी नेली, असा एकही फोटो त्यात नव्हता.

महिन्याभरानं अकोल्याच्या एका नातेवाइकानं मला तोच फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, "आमच्या शिवारात बिबट. सावध राहा." मी त्यांना खरं ते सांगितलं. त्यांनी हसण्याचं चित्र पाठवलं. असे अजून दोघांकडून आले, तेव्हा मी काहीच लिहिलं नाही.

उरलेल्या कोंबड्या बायकोनं तिच्या बहिणीला देऊन टाकल्या. ती मला बोलली नाही, रागावली नाही; रागावली असती तर मला कुठंतरी उभं राहता आलं असतं. पावसाळा संपल्यावर मी म्हणालो, पुन्हा चार पिल्लं आणू.

"नोको," ती म्हणाली.

"काहून?"

तिनं निवडत असलेली भाजी खाली ठेवली. "एखादी गेली, तर तुमी मंग पुन्हा कोणाचा तरी फोटो काढाल."