गेडिसाताईचे डुक्कर मोर्सबीला जाते

१२ ऑगस्ट २००५ रोजी लाएहून पोर्ट मोर्सबीचे विमानाचे एकेरी तिकीट ३८७ किनांना होते. अंतर तीनशे किलोमीटर, वेळ पाऊण तास. मधल्या डोंगरांतून रस्ता नाही. मी विमानतळावर मालाचे हिशेब ठेवत असे आणि आमच्या गावची गेडिसाताई तिकीट घेऊन माझ्यासमोर उभी होती. डुकरालाही तिकीट हवे, असे तिचे म्हणणे.

तिकीट तिच्या मुलाने, टिमोनने पाठवले होते. तो मोर्सबीत वायरमन होता. महिनाअखेरच्या शनिवारी त्याला बायकोच्या माहेरी देज, म्हणजे वधूमूल्य, द्यायचे होते. पैसे त्याने जमवले होते; पण बायकोची आजी कोनिओ चारचौघांत म्हणाली होती, की नोटा त्याच्या पगाराच्या, त्याच्या मागे माणसे कुठे आहेत? हे ताईच्या कानावर आले होते.

ताई ऐन तारुण्यात विधवा झाली. बाजारात शेंगा विकून घर चालवले आणि टिमोनच्या शाळेची फी दरवर्षी एक डुक्कर विकून भरली. हे एक मात्र तिने तीन वर्षे देजासाठीच राखले होते.

एवढे मोठे जनावर आम्ही घेत नाही, असे मी तिला समजावले.

“कोंबड्या नेता की.”

“त्या पिंजऱ्यातून जातात, ताई.”

“मग पिंजरा मोठा कर.”

टिमोनने फोनवर विनवले, डुक्कर इथे विकत मिळते, तू फक्त ये. ताई म्हणाली, “आणि ते कुणाच्या घरचं म्हणून सांगू? दुकानाच्या?”

तिने तिकीट परत केले. त्या पैशांत बेटाच्या पूर्वेच्या टोकाला वळसा घालून जाणाऱ्या मालवाहू बोटीवर जागा मिळाली. तिकीट तुझे की डुकराचे, असे कप्तानाने चिडवले. “डुकराचं,” ती म्हणाली. “मी सोबत आहे.”

नऊ दिवस लागले. टोक ओलांडताना समुद्र खवळला, आणि पुढे डुकराने रताळ्याला तोंड लावले नाही.

देजाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मीही विमानाने गेलो. कॉफी संपेपर्यंत उतरलोसुद्धा. टिमोनच्या घरी पाहिले तर डुकराची कातडी लोंबत होती, ताईचे गाल बसले होते. टिमोन हळूच म्हणाला, की दुसरे आणू, कुणाला कळणार नाही. ताईने त्याच्याकडे पाहिलेही नाही. “हेच जाईल.”

शनिवारी कोनिओच्या अंगणात बांबूंवर देजाच्या नोटा टाचल्या होत्या. कोनिओने डुकराची पाठ चिमटीत धरून पाहिली. पुरुष हसले.

“उपाशी ठेवलंत का हो याला, विहीणबाई?”

“समुद्रानं ठेवलं. आम्हा दोघांनाही.”

“विमान नव्हतं?”

“मला होतं. याला नव्हतं.”

कोनिओ काही वेळ ताईच्या हातांवरचे दोराचे वळ बघत राहिली. मग तिने आपल्या चटईवर सरकून जागा केली आणि ताईला बसवून घेतले. “माणसं आहेत याच्या मागे,” ती आपल्या मुलांना म्हणाली. “देज घ्या. डुक्कर मात्र अर्धंच धरा.”

“बरोबर आहे,” ताई म्हणाली. “अर्धं राहिलं.”

टिमोनला आता दोन मुली आहेत. अर्धे डुक्कर अजून द्यायचे आहे.