आप्पांच्या पडवीतली सरपंच

गुलाल अजून केसांत होता. आप्पांच्या आईने मला मागच्या दाराने आत घेतलं. आत म्हणजे मागच्या पडवीपर्यंत. पुढच्या खोलीत माझ्याच विजयाचे पेढे वाटत होते. सरपंच मी, उपसरपंच आप्पा. हार आप्पांच्या गळ्यात.

"हितं बस गं. पाट नको घेऊ, पोत्यावर बस."

चहा आला. गोठ्याच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असतो, त्यात. माझी आई त्या घरी शेण काढते. तिला त्याच कपात चहा. प्यायचा, आपणच विसळायचा, परत कोनाड्यात ठेवायचा. मी प्यायले. विसळला. ठेवला. आमच्या आदिवासी वाडीतली पहिली बी.ए. मी. तरी ठेवला.

आप्पा डोकावले. "कागदं वाचायच्या भानगडीत पडू नको. जागा राखीव पडली म्हनून तुला बसवली. खुर्ची आमचीच हाय. तू पुसत जा फक्त."

पुढची खोली हसली. आमच्या वाडीचा सदस्यही हसला. तो उंबऱ्याबाहेर, चपलांशेजारी बसला होता.

ग्रामपंचायतीत तेच. माझ्या खुर्चीत आप्पा, मी प्लास्टिकच्या स्टुलावर. ग्रामसेवक बोलणार आप्पांशी, सही मागणार माझ्याकडे. कर्जतहून साहेब आले की आप्पा ओळख करून देत, "ही आमची सरपंच. हिची आई आमच्याकडंच कामाला हाय."

मग मुंबईच्या एका शेठला फार्महाऊसभोवती कुंपण घालायचं होतं. त्या कुंपणात आमच्या वाडीची मसणवट जाणार होती. माझे दोन धाकटे भाऊ तिथे पुरलेत. एकाचं तर नावही ठेवायचं राहिलं होतं.

ग्रामसभेत आप्पांनी ना-हरकतीचा ठराव मांडला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सरपंचांची संमती हाय."

मागे बायकांत आई बसली होती. तिने मान खाली घातली. तिची ती मान बघितली आणि मी उठले.

"माझी संमती नाय."

"खाली बस."

"नाय बसत. तुमी उठा. खुर्ची सरपंचाची हाय."

आप्पा हसले. "मढी राखायला निवडून आलीस काय गं?"

"हो," मी म्हटलं. "त्यालाच."

मी हात वर करायला सांगितलं. विरोधात पहिला हात आईचा. मग वाडी. ठराव पडला. आप्पा खुर्चीतून उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आईचं काम गेलं. मग माझ्यावर अविश्वास आला. सदस्य आप्पांचेच, वाडीचा तो हसणारासुद्धा. पण मी थेट गावाने निवडलेली, म्हणून शेवटचा निकाल गावाच्या मतदानावर होता. आप्पांनी नेमकी त्याच दिवशी भाताची आवणी काढली. मजुरी दुप्पट, वर जेवण. सगळी वाडी चिखलात उतरली. मी बांधावर गेले, एकेकाला हाका मारल्या. सख्खी मावशी रोपं लावता लावता, वर न बघता म्हणाली, "तुजी सरपंचकी शिजवून खाऊ काय गं?"

मी पुढच्या बांधावर गेले, पुढच्याला हाक मारली. 

मी हरले. बाहेर फटाके. आत माझ्यादेखत खुर्चीवर गोमूत्र शिंपडलं. ज्या खुर्चीवर मला एकदाही बसू दिलं नाही, ती माझ्यामुळे विटाळली होती.

पुढच्याच ग्रामसभेत ठराव मंजूर. आता तिथे तारा आहेत, गेट आहे, वॉचमन आहे. आई बाहेरून भावांच्या जागेकडे बोट दाखवते, तो तिला हटकतो, "ए बाई, चल पुढं."

लोक मला सांगतात, पुन्हा राखीव जागा पडेपर्यंत थांब. नाही थांबणार. पुढची सरपंचाची निवडणूक मी खुल्या जागेवर लढणार, आप्पांच्याच समोर. मावशीच्या दारात मत मागायला पहिली जाणार. तिने हाकललं तर परत जाणार. पडले तर परत अर्ज भरणार. निवडून आले की पहिला ठराव ते कुंपण तोडायचा.

आईच्या हयातीत.