मागीलदारचं बेट

आमच्या शेजारचे काका जन्मभर आगबोटीवर आगवाले होते. लांबच्या बेटांबद्दल विचारलं, की ते नुसते तिथल्या पक्ष्यांचे आवाज काढायचे. एक घोगरा, एक तान्हं पोर रडल्यासारखा. मग दम लागून खोकत बसायचे.

“दिसायला कसे होते हो?” मी एकदा विचारलं.

“दिसतायत कुठले! आम्ही तळाला, भट्टीसमोर. हवेच्या नळातून आवाज तेवढा खाली यायचा.”

तेवढ्यात मागीलदारी बांबूच्या बेटात भारद्वाज घुमला. काका गुडघे धरत उठले, तिथवर गेले, वाकून बघून आले. दर वेळी हेच. बघूनच मी दमायचो.

“रोजचाच तर आहे, काका. बसा की.”

“रोजचाच,” ते धापा टाकत म्हणाले, “पण ह्या बेटावर उतरायला गावतंय ना!”