होडीचा रबरी पंखा

पावसाळ्यात आमची होडी मनोरीच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असायची. नवरा तेव्हा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी पंखा काढून घरी आणायचा. आत तसाच राहिला तर त्याची पाती वाकून बसतात. नारळी पुनवेआधी तो परत बसवताना मी साबणाचं पाणी घेऊन शेजारी असायची. इंजिन सुरू झालं, बाहेरच्या नळीतून पाणी पडलं, की हा ओरडायचा, "पानी आयला गो!"

सत्तर सालच्या सुमारास, ऐन आषाढात, तो तापाने गेला. होडी दिराकडे आली. इंजिन तापतंय म्हणून तो वैतागला. पंपात पंखाच नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं. नवऱ्याने नवा आणून ठेवला होता. मीच त्याला साबण लावला, पाती वळवली आणि बसवला. पाणी धो धो आलं. कोणी ओरडलं नाही.

पुनवेला मी नारळ घेऊन निघाले, तर दीर दारातच म्हणाला, "वहिनी, तू नको येऊ. आज होडीला विधवेचा हात नको."

मेल्या, तिच्या पोटात माझ्याच हातचा पंखा फिरतोय! ओठांवर आलेलं गिळलं. किनाऱ्यावर इंजिन सुरू झालेलं घरात ऐकू आलं. मांडीवर नारळ घेऊन मीच मला सांगितलं, पानी आयला गो.